मास्तरांचा उजवा पाय

दाढ मास्तरांची किडली होती, आणि दातांचे डॉक्टर बोलत होते ड्रमवाल्याबद्दल. मास्तर गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्यांचे केस वेळेआधी पिकले होते. गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. तो दाबून दाबून उजव्या पायाला अशी सवय जडली होती की जरा जीव घाबरला की पाय आपोआप खाली जायचा. मग ते घरी सोफ्यावर बसलेले का असेनात.

दवाखान्यात कायम जॅझ चालू असे. डॉक्टरांची थोरली बहीण, ताई, पूर्वी एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथल्या नाचाच्या हॉलमधल्या वादनाच्या रेकॉर्ड केलेल्या टेपा तिने खोकी भरून घरी आणल्या. कोण वाजवतंय हे एकीवरही लिहिलेलं नव्हतं. ते नुसतं ऐकून ओळखायचा डॉक्टरांना नाद लागला, आणि खरं सांगायचं तर त्यांचा कान विलक्षण होता. सॅक्सोफोनवाला सूर लावण्याआधी श्वास कसा घेतो, बासवाल्याचं बोट तारेवर किती रेंगाळतं, एवढ्यावरून ते माणूस सांगत. ताईने ती मंडळी प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांची टोपणनावंही तिच्याकडूनच कळलेली, त्यामुळे शेवटचा निर्णय तिचा. डॉक्टर क्वचितच चुकत.

"हा ड्रमवाला म्हणजे बुटका," दाढेत ड्रिल घालत डॉक्टर म्हणाले. "ठोका कसा पुढे पळवतो बघा."

नेमकं तेव्हाच ड्रिल कुठेतरी लागलं आणि मास्तरांचा पाय खाली गेला. थोड्या वेळाने परत गेला. डॉक्टरांनी ड्रिल बंद केलं, पायाकडे पाहिलं आणि टेप मागे घेऊन पुन्हा लावली. "ठोका इथे पडतो म्हणताय?" त्यांनी विचारलं. तोंडात कापूस कोंबलेला असल्याने मास्तरांना "आं" यापलीकडे काही म्हणता येईना. डॉक्टरांनी तो होकार धरला. बाहेर ताटकळलेली मंडळी कुरकुरू लागली, तेव्हा त्यांनी गाल सुजलेल्या एका गृहस्थांना आत बोलावून मास्तरांचा पाय दाखवला. दाढ तशीच उघडी होती.

"तुम्ही मला वाचवलंत," अखेर डॉक्टर म्हणाले. "ठोका पुढे पळत नाहीये, किंचित मागे राहतोय. हा बुटका नाही, झोपाळू आहे."

त्यांनी लगेच ताईला फोन लावून टेप ऐकवली. तिने झोपाळूवर शिक्कामोर्तब केलं आणि अशा जाणकाराला रविवारी दुपारी बैठकीला घेऊन ये म्हणून सांगितलं. मास्तरांनी खुलासा करायचा प्रयत्न केला, पण ओठ बधिर होते. "ब्रेक आहे तो"चं "फेक आहे ते" झालं.

"फेक कसं असेल? ताईने मान्य केलंय," डॉक्टर म्हणाले.

बायकोला सगळं खरं सांगून टाकावं म्हणून मास्तर घरी गेले, तर दवाखान्यातल्या बाईंकडून बातमी आधीच पोचली होती. बायकोने शर्टाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. मास्तरांची हकिगत ऐकून ती हसली, पण शर्ट काही परत कपाटात गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गाडी सोडून दुसऱ्या कशासाठी बोलावतंय, तर जाऊन या, असं तिचं म्हणणं पडलं.

रविवारी ताईच्या खोलीत मास्तरांना पुढची खुर्ची मिळाली आणि जमलेल्या चार-पाच जणांच्या नजरा त्यांच्या बुटावर खिळल्या. मास्तरांनी पाय खुर्चीखाली दडवले. टेप तीच होती. पियानोवर कुणी धसमुसळा नवशिका आहे, झोपाळू त्याला सांभाळून घेतोय, असं डॉक्टर सगळ्यांना समजावत होते. त्या पियानोवाल्याचं नाव ताईला कधीच आठवत नसे.

पियानो अचानक सुसाट सुटला. आता हा कशावर तरी आदळणार असं मास्तरांना मनापासून वाटलं आणि पाय दाणकन खाली आला. त्याच क्षणी टेपमधल्या ड्रमनेही ठोका रोखून धरला आणि सगळे अलगद एकत्र आले. खोलीत वाहवा झाली. मास्तरांना ती सहन होईना. ते उभे राहिले.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "शेजारचा माणूस आता धडकणार असं वाटलं की माझा पाय ब्रेकवर जातो. दवाखान्यात तर नुसती दाढ दुखत होती."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग झोपाळूचं काय, असं त्यांनी हळूच विचारलं.

"झोपाळूच आहे तो. तू कानानेच ओळखलंस, यांचा पाय निमित्त झाला," ताई म्हणाली. मग ती मास्तरांकडे वळली. "पण तुमचा पायही चुकला नाही हो. झोपाळू माझ्या शेजारी बसून हेच करायचा. मी सुटले की तो आवरायचा."

"तुझ्या शेजारी?" डॉक्टर म्हणाले.

तेव्हा ताईने सांगितलं. पियानोवाला आला नाही की मॅनेजर तिला टेलिफोनवरून उठवून पियानोवर बसवायचा. घरी कळलं असतं तर वडिलांनी नोकरी सोडायला लावली असती, म्हणून ती गप्प राहिली. नंतर धाकटा भाऊ त्या पियानोला इतकी वर्षं नावं ठेवत राहिला की सांगायची सोयच उरली नाही.

डॉक्टरांनी टेप मागे घेतली, डोळे मिटले आणि तो सुसाट तुकडा पुन्हा ऐकला.

"काय हात आहे गं ताई," ते म्हणाले. "ही जागा घ्यायला छाती लागते."

"मघापर्यंत याच जागेला तू धांदल म्हणत होतास."

"मघा मला नाव माहीत नव्हतं," डॉक्टर अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.