अस्सल केशर मिळेल

केशर मीच आणतो, असं म्हणालो आणि चुकलो.

आमची निकिता बाळंतपणाला माहेरी, देवळाली प्रवऱ्याला आली आहे. सातवा महिना सरत आलाय. वजन कमी भरतंय, दूध वाढवा, असं डॉक्टरीणबाई सांगतात आणि दुधाच्या वासानंच पोरीला मळमळतं. ग्लास भरलेला जातो, भरलेला परत येतो. मग आम्ही नवराबायको त्या ग्लासाकडे बघत बसतो. शेवटी भागिरथी म्हणाली, "दोन काड्या केशर घालून बघू. वास तरी बदलंल."

श्रीरामपूरहून येताना एसटीच्या खिडकीतून मला एक पाटी दिसली होती. 'अस्सल केशर मिळेल. वाल्मिक.' पुढे नंबर. खाली आणखीही काही लिहिलं होतं, पण मध्ये उसाची ट्रॉली उभी होती. नंबर मी वहीत उतरवून घेतला होता. (तारीख, वेळ आणि ट्रॉलीसुद्धा. सवय.) फोन लावला.

"केशर अस्सल आहे ना?"

"एकदम. गुजरातचं हाय, साहेब."

(मी काश्मीर समजत होतो. माझा भूगोल कच्चाच.)

"दुधात चालेल?"

"चालंल म्हंजे? लई भारी लागतं. आमी मिक्सरला लावतो."

"मिक्सरला?"

"मग. ग्लासभर पितो एकेक जन."

(श्रीमंत माणसं.)

"फरक कधी दिसेल?"

"तिसऱ्या वर्षी."

"अहो, मुलगी बाळंत व्हायची आहे. तोवर मूल पळायला लागेल."

"मग तर झ्याक. त्याच्या हाताला येतंय. किती देऊ?"

"एक पुरे." ग्रॅम हा शब्द मी गृहीत धरला आणि घरचा पत्ता सांगितला.

"एकच? बरं. उद्या टेम्पो तिकडं येतोय, पाठवतो."

एका ग्रॅमला टेम्पो! माल नाजूक, म्हणून बंदोबस्त असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात थांबला. मी चांदीची डबी उघडून पुढे झालो. ड्रायव्हरने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काळ्या पिशवीतलं कमरेएवढं आंब्याचं कलम माझ्या हातात दिलं.

"केशर. एक," तो म्हणाला आणि गेला.

भागिरथीने कलम बुडापासून शेंड्यापर्यंत निरखलं. "ह्यातल्याच दोन काड्या मोडू का दुधात?"

पायरीवर बसलेली निकिता हसायला लागली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच. पोट धरून, डोळे पुसत. "पप्पा, तुम्ही नेमकं काय विचारलं त्याला? पहिल्यापासून सांगा."

मी सांगत गेलो. भागिरथीने गुपचूप तिच्या हातात ग्लास दिला. मिक्सरपर्यंत तो अर्धा झाला, तिसऱ्या वर्षापर्यंत रिकामा. रिकामा ग्लास घेऊन भागिरथी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा पदराचं टोक ओलं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. निकिता ग्लास धरते, मी वाल्मिकचा फोन पहिल्यापासून सांगतो. परवा मात्र मी स्वतःला जरा शहाणं करून सांगितलं. टेम्पो म्हटल्यावर मला संशय आलाच होता, वगैरे. निम्मं दूध ग्लासात राहिलं.

भागिरथीने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"अहो, पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय," ती हळूच म्हणाली. "बाळंतपण होईस्तोवर हुता तेवढेच येडे ऱ्हावा."