‘पिडि’ म्हटल्यावर पाय काढायचा नाही

खिशात फोन वाजला आणि मी पाय उचलला. गुन्हा एवढाच. पण तो पाय ब्रेकच्या पॅडलवर होता, आणि मागच्या चाकाशी गोणपाटावर आडवे होऊन श्रीनिवासराव पाना धरून होते. जुनं ब्रेक ऑइल नळीतून बाहेर यायचं, त्याऐवजी हवा आत शिरली.

"पिडि म्हटल्यावर पाय काढायचा नाही!" गाडीखालून आवाज आला. "इंजिनियर ना तुम्ही?"

"सॉफ्टवेअर," मी म्हणालो.

"ते दिसलं."

चेन्नईत आमच्या पेरुंगुडीच्या सोसायटीत श्रीनिवासराव तिसऱ्या मजल्यावर राहतात. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी इतकं जुनं, की मी पुण्याचा असूनही त्यांच्यापुढे मला शिकवणी लावल्यासारखं वाटतं. ‘झालं’ला ते ‘होलं’ म्हणतात. हुकूम मात्र तमिळमध्ये. अमुक्कु, म्हणजे दाब. पिडि, धरून ठेव. तेवढ्यात ते निपल, म्हणजे चाकाजवळची छोटी तोटी, उघडून तेल काढणार, पुन्हा बंद करणार. मग विडु, सोड.

त्यांची पांढरी गाडी चार वर्षांत फाटकाबाहेर गेलेली नाही. ब्रेक ऑइल मात्र दर तीन महिन्यांनी बदलतं. "दोन वर्षांनी बदललं तरी चालतं हो," मी एकदा शहाणपण केलं.

"ही चेन्नईची हवा आहे की इडलीपात्रातली वाफ? हे तेल हवेतलं पाणी पितं. पाणी प्यालेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो."

ऐन वेळ येणार कुठून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या रविवारी लिफ्ट बंद होती. "माझं नेहमीचं माणूस खाली येऊ शकत नाही," म्हणून पॅडलवर माझी नेमणूक झाली होती. तेवढ्यात सेक्रेटरी आले. न चालणाऱ्या गाड्या महिनाअखेर हलवायच्या, अशी नोटीस त्यांनीच लावलेली. श्रीनिवासरावांचा कॅनडातला मुलगाही फोनवर ‘अप्पा, विकून टाका’चा जप करत होता.

"मामा, गाडी चालत नाही, मग ब्रेक कशाला?" सेक्रेटरींनी तमिळमध्ये विचारलं.

श्रीनिवासराव गोणपाटावरून उठले नाहीत. "ब्रेकचं काम काय? गाडी थांबवणं. माझी गाडी चार वर्षं हलली का? मग अख्ख्या सोसायटीत उत्तम ब्रेक कुणाचा?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघू लागले. मी पॅडलकडे.

"गाडी इथेच राहील," श्रीनिवासराव म्हणाले. "मुलाला सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. आधी मला उचला, मग गाडी."

एवढ्यात लिफ्ट सुरू झाल्याची घंटी वाजली. श्रीनिवासराव ताडकन उठले, हात पुसले आणि मला म्हणाले, "उतरा. तुमचं काम नाही हे."

दहा मिनिटांनी ते परतले ते बायकोचा, कमलाबाईंचा, हात धरून. चार वर्षांपूर्वीच्या आजारापासून त्या बोलत नाहीत. मुलाचा चेहरा फोनवर दिसला तरी ओळखत नाहीत. श्रीनिवासरावांनी त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि उजवं पाऊल अलगद पॅडलवर नेलं. मग गोणपाटावर आडवे झाले.

"अमुक्कु."

पाऊल खाली गेलं.

"पिडि."

तिथेच राहिलं. माझं राहिलं नव्हतं.

"विडु."

चारही चाकं झाली. एकदाही चूक नाही. नळीतून कॉफीच्या डिकॉक्शनसारखं काही येणार म्हणून मी वाट पाहत होतो. आलं ते स्वच्छ, मधाच्या रंगाचं. जुनं म्हणावं असं तेल त्या गाडीत नव्हतंच.

आणि मग कमलाबाई बोलल्या. समोरच्या भिंतीकडे बघत, चांगल्या खणखणीत आवाजात.

"होलं?"

श्रीनिवासरावांनी शेवटच्या चाकाचं निपल घट्ट केलं. मग उठले, गोणपाट ओढत पहिल्या चाकाकडे गेले.

"नाही गं कमला. अजून एक आहे."

सेक्रेटरी चष्मा पुसत होते. "नियम सगळ्यांना सारखा, मामा," ते म्हणाले खरे, पण मामांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. माझ्या पायाचं प्रकरणसुद्धा. ती भाजी निवडत होती.

"आपली गाडी तर रोज चालते ना?" ती म्हणाली. "मग तिला कुणी हलवा म्हणणार नाही. श्रीनिवासरावांना सांगून ठेवा, आपलंही तेल दर तीन महिन्यांनी बदलायचंय. आणि हे बघा, पॅडलवर तुम्ही बसायचं नाही. ती जागा कमलाबाईंची."