बुफेतले मोठेबाबा

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लग्नाला जेवायला जात नाहीत, वाढायला जातात. मांडवात शिरले की ते नवरदेवाकडे पाहत नाहीत. वरणाची बादली कुठे आहे ते पाहतात. एकदा त्यांनी बाह्या वर सारल्या की यजमानाचंही काही चालत नाही. कोणी पानावर हात आडवा धरला तर हातावर वरण. "घ्या बाप्पा, लाजू नका! वरनानं कोनी मेलं नाई अजून."

एकदा ते मेडशीहून वाशीमला डोळे दाखवायला एसटीनं निघाले. वाटेत मांडव दिसला, उतरले. तीन पंगती वाढल्या. ते लग्न कोणाचं होतं, हे त्यांना आजही माहीत नाही. डोळे पुढच्या महिन्यात दाखवले.

बुफे त्यांना मान्य नाही. "ताट घेऊन रांगेत उभं राहा, अन् वाढनारा तोंडाकडे पाह्यतही नाई. हे काय जेवन हाय? हे तं रेशन हाय."

त्यांना मूलबाळ नाही. मोठाई, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून मेडशीच्या घरात ते एकटेच असतात. मी अकोल्यात शिकत होतो तेव्हा चार वर्षं रोज सकाळच्या एसटीनं माझा डबा यायचा. मोठाई तो भरायची आणि मोठेबाबा कंडक्टरच्या हातात द्यायचे. गाडी चुकली तर पुढच्या गाडीनं स्वतः डबा घेऊन यायचे.

अशा माणसाला मी थीम पार्कच्या रिसॉर्टवर नेलं, ही माझी पहिली चूक. दुसरी सांगायला हे लिहितो आहे.

माझ्या मुलीचं, स्नेहलचं, पुण्यात एका ठिकाणी जुळत आलं होतं. मुलाचे वडील मोठे अधिकारी. ते म्हणाले, घरी पाहणं वगैरे नको. दोन्ही कुटुंबं एखादी संध्याकाळ मोकळेपणानं भेटू, जेवू. जागाही त्यांनीच ठरवली, अकोल्याजवळच्या थीम पार्कचं रिसॉर्ट. बायको म्हणाली, "मोठेबाबांना कशाला तिथं?" पण घरातलं वडीलधारं माणूस कसं वगळणार? गाडीत मी त्यांना बजावलं, "तुम्ही फक्त बसायचं." ते म्हणाले, "बसतो ना बाप्पा. मी काय लहान लेकरू हाओ?"

सुरुवात बरी झाली. सिमेंटच्या डायनासोरला एक फेरी मारून मोठेबाबा म्हणाले, "याले वैरन किती लागत असन!" मुलाची आई हसली. मी घाम पुसला.

मग जेवण. मुलाच्या आईनं ताटात चमचाभर भात आणि काकडीच्या दोन चकत्या घेतल्या. ते मोठेबाबांना दिसलं, आणि संपलं. त्यांनी पनीरचं भांडं फडक्यात धरून उचललं आणि थेट टेबलांमधून निघाले. "घ्या बाप्पा, घ्या! एवढ्यानं काय होते?" आमचं टेबल झालं, शेजारची झाली. एका अनोळखी गृहस्थानं हात आडवा धरला. त्याच्या घड्याळावर पनीर पडलं. लोकांनी मोबाइल काढले. मोठेबाबांचा चेहरा नुसता फुलला होता.

रीतसर ओळखी अजून व्हायच्या होत्या. मुलाच्या आईनं मला हळूच विचारलं, "हे तुमचे कोण?"

मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला असतात. जुने आहेत, काही बोलता येत नाही."

मागे वळलो तर भांडं घेऊन मोठेबाबा तीन पावलांवर उभे.

त्यांनी भांडं जागेवर ठेवलं. बाह्या खाली केल्या. मग माझ्याजवळ आले आणि जरा वाकून म्हणाले, "साहेब, पानी आनू काय?"

जन्मभर ज्यांनी मला बबन्या म्हटलं, ते पुढचे दोन तास मला साहेब म्हणत राहिले. आमच्या टेबलावर पुन्हा बसले नाहीत. रोषणाईच्या किल्ल्यापुढे सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा ते सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाजूला थांबले. स्नेहल "आबा, या ना!" म्हणून हाक मारणार, तोच त्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं. मी कॅमेऱ्याकडे पाहून हसलो. तो फोटो माझ्याकडे आहे. छान आला आहे.

निघताना मुलाचे वडील म्हणाले, "आमच्याकडून होकार समजा."

परतताना गाडी मी चालवत होतो, मोठेबाबा मागे बसले होते. मेडशी जवळ आल्यावर मी कसाबसा म्हणालो, "मोठेबाबा, मी मघाशी..."

"चूप राय," ते म्हणाले. "पोरीचं जमलं नं? झालं मंग."

थोड्या वेळानं त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बबन्या, तू काहून जेवला नाई रे? मी पाहून राह्यलो होतो. तुया ताटात काईच नोयतं."

"जेवलो," मी म्हणालो.

ते जेवले होते का, हे मी त्यांना विचारलं नाही.