डोंगरपाड्याची महिला बॅच

मोहसरी नगरपंचायतीच्या जलतरण तलावात पाणी नव्हतं, खुर्च्या होत्या. लाल प्लॅस्टिकच्या, एकात एक घालून खोल बाजूला रचलेल्या. नगरसेवक देवजी धोडींच्या मंडप डेकोरेशनचा तो माल होता. आदल्या वर्षी स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा गर्दीची ठिकाणं बंद करण्याचा हुकूम निघाला आणि तलावाला कुलूप लागलं. साथ गेली, कुलूप राहिलं. तलाव कोरडा पडलेला पाहून देवजीशेठना जागेची नासाडी बघवली नाही.

सुनिल करबट या तलावाचा पोहण्याचा प्रशिक्षक. साथीनंतर तोच वॉचमन झाला आणि तोच माळी. तो मूळचा डोंगरपाड्याचा. लहानपणी दगडाच्या खदानीतल्या डबक्यात पोहायला शिकला आणि पुढे चिंचणीच्या समुद्रातली शर्यत जिंकून या नोकरीपर्यंत पोचला. तलाव बंद झाल्यावर पाड्यातली पोरं पुन्हा त्याच डबक्यांकडे वळली. पावसाळ्यात पाड्यातल्या भिकीची पोरगी सरिता बुडताना त्यानेच तिला केसाला धरून बाहेर काढलं. पोरगी वाचली, पण तेव्हापासून सुनिलला चैन नव्हतं. तलाव उघडा म्हणून तो नगरपंचायतीत इतक्यांदा जाऊन आला, की शिपाई त्याला बघितल्याबरोबर "साहेब मीटिंगमध्ये" म्हणायचा.

म्हणून मे महिन्यात मुख्याधिकाऱ्यांचाच फोन आला तेव्हा तो धावतच गेला.

"सुनिल, सरकारी मदत मंजूर होतेय," साहेब म्हणाले. "साथीत बंद पडलेली सार्वजनिक क्रीडा केंद्रं पुन्हा उभी करायची. नगरपंचायतीने ठराव पण केलाय."

"म्हणजे तलाव चालू होणार, साहेब?"

"होणार ना. फक्त एक अट आहे. केंद्र आत्ता चालू असलं पाहिजे."

सुनिलला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "पण चालू असतं तर मदत कशाला लागली असती?"

"हे मला विचारलंस ते ठीक. पाहणी समितीला विचारू नकोस. ते लोक उद्या येतायत."

खुर्च्या हलवायचं ऐकून देवजीशेठ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "भर लग्नसराईत माझा माल कुठे टाकू? रस्त्यावर?" खुर्च्या तलावाशेजारच्या व्यायामशाळेत गेल्या. व्यायामशाळेतली वजनं, डंबेल्स आणि मोडकी सायकल बायकांच्या संडासात गेली. संडासाला कुलूप लावून "नूतनीकरण चालू" अशी पाटी अडकवली. पाटीवरचा रंग ओला होता, तेवढं सोडलं तर सगळं खरं वाटत होतं.

राहिलं पाणी. बोअरवेल कधीच कोरडी पडली होती. दुपारी टँकर आला. चालक रघ्याने पाइप सोडला आणि सुनिलकडे न बघताच म्हणाला, "आजच्या सगळ्या फेऱ्या इकडेच मारायला सांगितल्यात."

"कुठल्या फेऱ्या?"

"डोंगरपाड्याच्या."

सुनिलने तिथूनच फोन लावला. "साहेब, हे माझ्या पाड्याचं पाणी आहे. तिथल्या विहिरीत गाळ उरलाय नुसता."

"एका दिवसाचा प्रश्न आहे रे. परवा डबल टँकर देऊ. तुला पोरांना पोहायला शिकवायचंय की नाही?"

सुनिलच्या डोळ्यांपुढे डबक्यातली सरिता आली. त्याने फोन खिशात टाकला आणि वाकून पाइपचं तोंड स्वतःच तलावात नीट धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आली. अध्यक्ष पांढरे बूट घातलेले एक तुकतुकीत गृहस्थ होते, सोबत फोटोग्राफर. मुख्याधिकाऱ्यांनी नारळपाणी पुढे केलं. अर्ध्या भरलेल्या निळ्या तलावात ऊन चमकत होतं. अध्यक्ष प्रसन्न झाले. "वा! पण पोहणारे कुठे दिसत नाहीत?"

"बॅच येईलच, सर," मुख्याधिकारी म्हणाले.

आणि बॅच आली. आख्खा दिवस टँकरची वाट बघून डोंगरपाड्याच्या बायका उजाडताच निघाल्या होत्या. पाणी कुठे गेलं ते रघ्याने कुणाला तरी सांगितलं होतं. फाटकातून त्या हंडे-कळशा घेऊन सरळ आत शिरल्या. पुढे नवशी होती, सुनिलची सख्खी काकी. कुणाला काही न विचारता ती पायऱ्यांवरून उतरली आणि तिने हंडा बुडवला. तिच्यामागे बाकीच्या उतरल्या.

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. "हे काय चाललंय?"

मुख्याधिकाऱ्यांचं डोकं चालू होतं. "महिला बॅच, सर. पाण्यातला व्यायाम. वजन घेऊन."

"हंड्यांनी?"

"स्थानिक साधनांचा वापर, सर."

अध्यक्षांना हे फारच आवडलं. ते बूट सांभाळत काठावर वाकले. "बाई, हा व्यायाम रोज करता का?"

नवशीने मान वर केली. "काय करता?"

"हेच. पाण्याचं वजन उचलणं."

"रोजच. सकाळी आन् सांजचं."

"किती वर्षं झाली?"

"लगीन झाल्यापासून."

"अरे वा! आणि अंतर किती चालता?"

"टेकडीपलीकडं जावं लागतं. कधी तितं बी भेटत नाय."

"थकवा येत नाही?"

नवशी त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस आपली थट्टा करतोय की याला खरंच कळत नाही, याचा तिला अंदाज येईना. "येतो ना," ती म्हणाली. "पन सांगायचं कोनाला?"

"पाहिलंत?" अध्यक्ष वळून म्हणाले. "शहरात आपण पैसे भरून जिमला जातो. इथे तब्येतीची जाण रक्तातच आहे!"

नवशीची नजर सुनिलवर पडली. "सुनिल्या, ह्यांना सांग ना, आमचा टँकर काल का नाय आला ते."

सगळे सुनिलकडे बघू लागले. मुख्याधिकारी तर डोळ्यांनीच हात जोडत होते. खरं बोललं की तलाव पुन्हा देवजीशेठच्या खुर्च्यांना जाणार, पोरं खदानीला जाणार. सुनिल काठाकडे सरकला.

"काकी, खांदे सरळ ठेव," तो म्हणाला. "हंडा उचलताना श्वास घे."

नवशीने हंडा डोक्यावर चढवला आणि त्याच्या अंगावरून निघून गेली.

मदत मंजूर झाली. तलावाला नव्या फरशा बसल्या, चकचकीत कठडा आला, विकतच्या टँकरने पाणी भरलं. व्यायामशाळेतल्या खुर्च्या नगरपंचायतीने सभागृहासाठी विकत घेतल्या, देवजीशेठकडूनच. गावातली पोरं पोहायला येऊ लागली. भिकीची सरिता पहिल्या दिवशी कठडा सोडेना, आठवड्याभरात हात मारायला लागली. सुनिलला बरं वाटलं. रात्री पाड्यावर जायचं मात्र तो टाळायचा.

मग वरून एक सरकारी पत्र आलं आणि मुख्याधिकाऱ्यांनी त्याला ते वाचून दाखवलं. डोंगरपाड्यातील महिला क्रीडा केंद्रात दररोज पाण्याचा लाभ घेत असल्याचं समितीच्या अहवालावरून दिसून येतं, सबब पाड्याचा टँकर कायमस्वरूपी केंद्राकडे वळवण्यात येत आहे. समितीने महिला बॅचसाठी भेट म्हणून पोहण्याच्या निळ्या टोप्याही पाठवल्या होत्या. शिवाय पुढच्या सोमवारी अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन बॅच बघायला येणार होते.

"आता बायका नाही आल्या तर मदतीचा दुसरा हप्ता गेला," साहेब म्हणाले. "तूच समजाव. तुझ्या घरातल्या आहेत."

सुनिल टोप्यांचं खोकं घेऊन पाड्यावर गेला. काय काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं. नवशीने त्याला मधेच थांबवलं.

"टोपी घातली तर पानी भरू देशील?"

"हो."

"पान्यात औषध टाकायच्या आदी?"

"हो, काकी."

"मग आन इकडं."

सोमवारी उजाडताना बायका रांगेने फाटकातून आल्या. डोक्याला निळी रबरी टोपी, टोपीवर चुंबळ, चुंबळीवर हंडा. पाहुणे टाळ्या वाजवू लागले. पाण्यात कमरेएवढी उतरून नवशी सुनिलसमोर थांबली.

"वाजव शिट्टी," ती हळूच म्हणाली. "तुजा साहेब बघतोय."

सुनिलने शिट्टी ओठांना लावली. पहिल्यांदा नुसती हवाच गेली. दुसऱ्यांदा ती वाजली आणि सगळ्या बायका एकदम वाकल्या.