अकस्मात बसणे

माणूस जन्माला येतो तो आडवा आणि जातो तोही आडवाच. मधली काही वर्षं तो उभं राहण्याचा हट्ट धरतो, आणि रुग्णालयांचे बहुतेक सगळे प्रश्न या मधल्या हट्टातून निर्माण होतात. आडव्या माणसाचा रुग्णालयाला काहीच त्रास नसतो. तो सापडतो, मोजता येतो आणि डॉक्टर आले की जागेवर असतो. उभा माणूस कुठे जाईल याचा नेम नाही, आणि गेला तर पडेल.

या शास्त्रीय सत्याचा शोध ज्यांना लागला ते गृहस्थ त्या रुग्णालयाचे सुरक्षा अधिकारी होते. त्यांनी 'शून्यपतन अभियान' सुरू केलं आणि तेव्हापासून सगळे त्यांना शून्यसाहेब म्हणू लागले. (समोर नाही. समोर नुसतंच साहेब.) प्रत्येक कक्षाच्या दारावर त्यांनी हिरवी पाटी लावली: 'या कक्षात गेले ___ दिवस कोणीही पडलेले नाही.' रिकाम्या जागेत आकडे अडकवायला तीन खिळे होते. तीनशे पासष्ट दिवस पूर्ण करणाऱ्या कक्षाला ढाल मिळणार होती आणि त्या कक्षाच्या मोठ्या सिस्टरांना प्रशिक्षण विभागात टेबल, खुर्ची आणि पंखा.

एकत्रित कक्षाच्या मोठ्या सिस्टर सत्तावीस वर्षं उभ्या होत्या. बदल्या झाल्या, मुलं मोठी झाली, नवरा निवृत्त झाला, तरी त्या उभ्याच. संध्याकाळी त्यांचे गुडघे असे काही बोलायचे, की शेजारच्या खोलीत ऐकू जावं. टेबलाचं त्यांना काही नव्हतं, पंख्याचंही नाही. त्यांना ती खुर्ची हवी होती, आणि इतकी हवी होती की कधीकधी स्वप्नातही त्या तिच्यावर बसत.

कक्ष एकत्रित असण्याचं कारण असं, की इमारतीची डागडुजी चालू असल्याने बाळंतिणी, लेकरं, बाया आणि म्हाताऱ्या तात्पुरत्या एकाच दालनात हलवल्या होत्या. (तात्पुरत्या या शब्दाला चौथं वर्ष लागलं होतं.) त्यामुळे एक नंबरच्या कॉटवर नऊ दिवसांचं बाळ आणि अठरा नंबरवर चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई, असं अख्खं मानवी आयुष्य एका नजरेत दिसायचं. साहेबांना ही मोठीच सोय वाटली. एकाच नियमात सगळी वयं बसवता येणार होती.

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तीन नंबरच्या कॉटवर खोकल्यासाठी आलेलं एक वर्षाचं पोर नुकतंच पाऊल टाकायला शिकत होतं. ते त्या दिवशी एक्केचाळीस वेळा पडलं. दुसऱ्या दिवशी त्रेपन्न वेळा. (खोकला बरा होत होता.) सहा दिवस पाटी शून्यावरून हलली नाही आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. समिती बसली, तीन वेळा बसली आणि शेवटी 'परिशिष्ट ब' जन्माला आलं. त्याचा सारांश असा:

नवजात अर्भक स्वतः पडत नाही, त्यामुळे त्याचा विचार करण्याची गरज नाही.

ज्याचे चालणे अद्याप सिद्ध झालेले नाही, त्याचे जमिनीवर येणे हे पडणे न समजता 'अकस्मात बसणे' समजावे.

शाळकरी मूल पडल्यावर इकडेतिकडे पाहून, कोणी बघत नसल्याची खात्री करून, न रडता उठल्यास ते पडलेले नाही.

तरुण रुग्ण मोबाइल हातात असेपर्यंत उठतच नाही. सबब हा वयोगट आदर्श मानावा.

मध्यमवयीन रुग्ण पडल्यास तो उठताना 'काही नाही, काही नाही' असे म्हणतो. सदर वाक्य दोनदा उच्चारले गेल्यास नोंदीची आवश्यकता नाही.

साठीच्या पुढे मात्र सगळंच पडणं. भिंतीला टेकलं तरी, चप्पल सुटली तरी, आणि उठताना 'अगं बाई' म्हटलं तरीही. म्हणून साठीच्या पुढच्यांसाठी पिवळा पट्टा, कॉटला दोन्ही बाजूंनी कठडे, उशाशी 'उठू नका' अशी चिठ्ठी आणि एक घंटी असा सरंजाम होता. घंटी कॉरिडॉरच्या टोकाला वाजायची. तिथे कोणी बसत नसे, त्यामुळे तिचा कोणाला त्रासही नव्हता. चपला कपाटात कुलपात. रोजच्या नोंदपत्रकात 'हालचाल' या रकान्यापुढे 'नाही' हे उत्तर छापूनच आलेलं होतं. त्यामुळे सिस्टरांचा बराच वेळ वाचायचा.

अभियान कमालीचं यशस्वी झालं. साठीच्या पुढचे अठ्ठ्याऐंशी जण त्या वर्षी स्वतःच्या पायांनी आत आले होते. त्यांतले एकतीस स्वतःच्या पायांनी बाहेर गेले, आणि उरलेल्यांसाठी चाकांच्या खुर्च्या दोनाच्या चौदा करण्यात आल्या. अहवालात याचा उल्लेख 'सोयींमध्ये सातपट वाढ' असा आहे.

तीनशे बावन्नाव्या दिवशी सात नंबरच्या कॉटवर एक आजी आल्या. वय एकोणऐंशी, छातीत कफ, अंगात ताप, हातात कापडी पिशवी. दाराशी थांबून त्यांनी आधी विचारलं, "चपला कुठे काढू?" आणि मग धाप लागली म्हणून खांबाला धरून उभ्या राहिल्या. (ही नोंद राहून गेली, नाहीतर पाटी तिथेच कोसळली असती.) आजी पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांना दोन मुलगे होते, आणि दोघांचंही एकमेकांबद्दल फार चांगलं मत होतं. आईला तुझ्याकडेच जास्त बरं वाटेल, असं थोरला धाकट्याला सांगे आणि धाकटा थोरल्याला.

चार दिवसांत ताप उतरला. पाचव्या दिवशी चादर बदलायला मोठ्या सिस्टरांनी आजींना कॉटवरून उतरवून उभं केलं, तर पाय लटलटू लागले. ही थरथर सिस्टरांना पाठ होती. म्हातारं माणूस आठवडाभर कॉटवर राहिलं की पाय विसरतात, आणि विसरलेले पाय कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाहीत.

"मी चालत आले होते की गं," आजी म्हणाल्या.

"होय आजी. मी पाहिलं ना."

"घराला बावीस पायऱ्या आहेत. मला चढता आल्या नाहीत तर हे दोघं मला त्या बागेत नेऊन ठेवणार आहेत."

"कसली बाग?"

"वृद्धाश्रम गं. त्याला बाग आहे म्हणे. परवापासून येतायत ते बागेचंच बोलतायत. जन्मात यांनी कधी कुंडीला पाणी घातलं नाही."

सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. पाटीवर तीनशे सत्तावन्न होते. खुर्ची आठ दिवसांवर आली होती.

खोटं कशाला सांगा, त्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचं मन खुर्चीकडेच होतं. आजी एकच होत्या, आणि गुडघे दोन. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्या उठल्या, कपाट उघडलं आणि आजींच्या चपला काढल्या.

दुपारी दोन ते साडेतीन साहेबांची आढावा बैठक असे. ती ते कक्षासमोरच्या आपल्या खोलीत एकटेच, दार लावून, दिवा घालवून घेत. आढावा बाहेर ऐकू यायचा. कक्षातल्या मावशी बादली आणि फडकं घेऊन दाराशी पुसायला बसल्या. त्या आठवड्यात तो उंबरा इतका पुसला गेला की त्याचा मूळ रंग कळला.

पहिल्या दिवशी आजी आठ नंबरच्या कॉटपर्यंत गेल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी खांबापर्यंत. सिस्टर एका हाताने पाठीमागून पदर धरून, दुसरा हात कोपराखाली. तिसऱ्या दिवशी त्यांना सोबत मिळाली. तीन नंबरवर आता दुसरं पोर होतं, अकरा महिन्यांचं, आणि तेही नेमकं चालण्याच्याच खटपटीत. ते त्या टोकाकडून यायचं, आजी या टोकाकडून जायच्या. मधे गाठ पडली की दोघंही थांबून एकमेकांकडे अशा कौतुकाने बघायची, जणू सगळ्या जगात ही विद्या त्या दोघांनाच येते.

"पाय उचल, पाय," आजी त्याला सांगायच्या.

"तुम्ही उचला आधी," सिस्टर आजींना सांगायच्या.

तीनशे चौसष्टाव्या दिवशी आजी एकट्या दारापर्यंत गेल्या. सिस्टर दोन पावलं मागे. पोर समोरून दुडदुडत आलं, आजींना बघून खुश झालं आणि धपकन बसलं. आजींना हसू आवरेना. त्या हसता हसता वळल्या, गुडघा मुडपला, आणि मागून सिस्टरांनी दंड धरेपर्यंत त्याही हळूच, पण निःसंशय, जमिनीवर आल्या. बरोबर पाटीच्या खाली.

लागलं काही नव्हतं. आजी तशाच हसत होत्या. पोराने टाळ्या वाजवल्या. आणि नेमका त्याच वेळी आढावा संपला.

साहेबांनी दार उघडलं. पायाशी आजी, आजींसमोर पोर, वर तीनशे चौसष्ट.

"कोण पडलं?" साहेबांचा आवाज चिरकला.

"बसल्यात, साहेब," मावशी बादलीमागून म्हणाल्या.

"या वयाचा माणूस असा बसत नाही!"

"काही नाही, काही नाही," अठरा नंबरच्या बाईंनी कॉटवरून मदत केली.

साहेबांनी नोंदवही मागवली आणि सिस्टरांपुढे धरली. अख्खा कक्ष श्वास रोखून बघत होता. मोठ्या सिस्टरांनी आधी आजींना उठवलं, कॉटवर बसवलं, पाणी दिलं, गुडघा आणि कंबर चाचपून पाहिली, डॉक्टरांना निरोप धाडला आणि मगच पेन उचललं. त्यांनी लिहिलं: 'सात नंबर, वय ७९. चालायला शिकत असताना अकस्मात बसल्या. परिशिष्ट ब, कलम दोन.'

"ते कलम लहान मुलांचं आहे!"

"कलमात वय कुठे लिहिलंय, साहेब? ज्याचं चालणं अद्याप सिद्ध झालेलं नाही, असं आहे."

"पण यांचं चालणं एकोणऐंशी वर्षं सिद्ध आहे!"

"होतं. मग आपल्या नोंदपत्रकात बारा दिवस, दिवसातून तीनदा, 'हालचाल: नाही' लिहिलंय. छापीलच आहे. त्याखाली रोज तुमची सही आहे."

समिती बसली. परिशिष्ट साहेबांनी स्वतः लिहिलेलं असल्याने ते चुकीचं आहे असं म्हणता येईना, आणि नोंदपत्रक खोटं आहे असं म्हणायला सहीवाला तयार होईना. डॉक्टरांनी आजींना तपासून ठणठणीत असल्याचं लिहिलं. शेवटी ठराव झाला की सदर रुग्ण अकस्मात बसली. दुसऱ्या दिवशी पाटीवर तीनशे पासष्ट लागले, ढाल आली आणि साहेबांच्या हाती ती शोभूनही दिसली. मोठ्या सिस्टरांना 'वरिष्ठांच्या परवानगीशिवाय रुग्णास चालवणे' याबद्दल लेखी समज मिळाली. प्रशिक्षण विभागातली खुर्ची दुसऱ्या कक्षाच्या सिस्टरांना गेली. त्यांच्या कक्षात वर्षभरात कोणी कॉटवरून खाली पाऊलच ठेवलं नव्हतं.

सिस्टरांना वाईट वाटलं. चांगलं दोन दिवस वाटलं. पाय चेपताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी मूर्खपणा केला का हो?" नवरा गुडघ्याला मलम लावत राहिला आणि म्हणाला, "त्याला सत्तावीस वर्षं झाली."

आजींना घरी सोडायच्या दिवशी दोन्ही मुलगे चाकांची खुर्ची घेऊन आले. आजींनी तिच्यावर पिशवी ठेवली आणि तिला ढकलत स्वतः फाटकापर्यंत चालत गेल्या. मुलगे मागून आले. थोरल्याने परत येऊन तक्रारवहीत लिहिलं: 'आमच्या आईला आम्हाला न विचारता चालवण्यात आले. तिला काही झाले असते तर जबाबदार कोण? आम्ही तिच्यासाठी छान जागा बघून ठेवली होती.' (खाली धाकट्याची सही. दोघा भावांचं एकमत झाल्याची ही पहिलीच लेखी नोंद.)

संध्याकाळी कक्षातला फोन वाजला.

"सिस्टर, बावीस झाल्या गं."

"सगळ्या? मधे पडला नाहीत ना?"

"छे. दोनदा बसले."

फोन ठेवून सिस्टर वळल्या आणि एका म्हातारबाईंच्या चपला शोधायला कपाटाकडे गेल्या.

वाचकहो, आपण ही कथा बसूनच वाचत असाल. मघाशी आतल्या खोलीत आई उठू लागली, तेव्हा "तू बस गं, मी बघतो" असं आपणच म्हणालात. प्रेमाने म्हणालात, त्याबद्दल इथे कोणालाही शंका नाही. गेल्या महिन्यात दार उघडायला ती उठत होती, तेव्हाही म्हणालात. त्याआधी कोपऱ्यावरून दूध आणायला जाते म्हणाली, तेव्हाही. म्हणूनच आपल्या घरात आज कित्येक दिवस कोणीही पडलेलं नाही. अभिनंदन. साहेबांकडे एक पाटी शिल्लक आहे, मागितलीत तर आनंदाने देतील.

फक्त एक सांगा. आईच्या चपला कुठे आहेत?