नवीन दिसताय

अकरा वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीच्या शिऱ्यात बेदाणे घालायचे राहून गेले होते. हे मला आठवत नाही, माझ्या बायकोला आठवत नाही, आचाऱ्याला तर नाहीच नाही. आमचे शेजारी शांतवन साळवे यांना आठवतं. सोसायटीत कुणाचीही वास्तुशांत निघाली, की ते मला बाजूला घेऊन म्हणतात, "लेलेसाहेब, आपल्याकडचा शिरा उत्तम होता. बेदाणे तेवढे राहिले."

असा हा माणूस रस्त्यात भेटलेल्यांना ओळखत नाही. सगळ्यांना नाही, काही ठरावीक लोकांना. एकदा स्वारगेटला सिग्नलपाशी आम्ही उभे होतो. समोर एक तिशीतला गडी मोटरसायकल थांबवून उतरला, मागे बायको होती. तो तोंडभर हसत म्हणाला, "साळवेसर! ओळखलंत का?"

साळव्यांनी चष्मा खाली सरकवून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अतिशय आदबीनं म्हणाले, "नवीन दिसताय. आपलं नाव?"

तो गडी गडबडला. बायकोकडे बघून "नाही, तसं काही नाही, असंच" असं काहीतरी पुटपुटला आणि गाडीला किक मारून निघून गेला. साळवे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग मला म्हणाले, "चला, दिवा हिरवा झाला."

वर्षभरात असं चार-पाच वेळा झाल्यावर मला काळजी वाटू लागली. साळवे सत्तरीचे, एकटे. त्यांच्या पत्नी रूथबाई जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. विसरण्याच्या आजाराची सुरुवात अशीच होते असं मी वाचलं होतं. म्हणून मी त्यांना फसवून, म्हणजे माझंच डोकं दुखतंय असं सांगून, एका मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत म्हणायला लावले. साळव्यांनी पाचही शब्द सांगितले, मग उलट्या क्रमानं सांगितले, वर भिंतीवरच्या प्रमाणपत्रातला नोंदणी क्रमांक सांगितला, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी दोघांच्या आधी एकजण घुसल्याची तक्रारही केली. डॉक्टर मला म्हणाले, "डोकं तुमचं दुखतंय ना? तुमचं बघू या."

साळव्यांची आणखी दोन वैशिष्ट्यं इथंच सांगून टाकतो. पहिलं, चहा. घरी नवीन माणूस आला की ते तीन प्रश्न विचारतात: साखर किती, आलं चालतं का, साय चालते का. उत्तरं मिळाली की पुन्हा जन्मात विचारत नाहीत. मी सहा महिन्यांनी गेलो तरी दीड चमचा साखर, आलं भरपूर आणि साय ठेवलेला कप न सांगता समोर येतो.

दुसरं, खरं बोलणं. ह्या बाबतीत ते सोसायटीला डोकेदुखी आहेत. आमच्या सेक्रेटरी फडक्यांनी मोठ्या हौसेनं पेटी वाजवून दाखवली तेव्हा सगळे "वा वा" करत असताना साळवे म्हणाले, "पेटी चांगली आहे." एकदा त्यांची स्कूटर सिग्नलला पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे गेली, तर हे उतरून हवालदाराला शोधायला गेले. पोलिसानं हात जोडले, "काका, जा हो घरी." तर सोसायटीत म्हणच पडली होती: साळवे म्हणाले की झालं, पुरावा लागत नाही.

नोकरीतली उभी हयात त्यांनी मुलांच्या निरीक्षणगृहात काढली. लोक अजून त्याला रिमांड होमच म्हणतात. साळवे तिथे प्रोबेशन ऑफिसर. म्हणजे ज्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, त्याच्या घरी जायचं, शाळेत जायचं, तो असा का वागला ते शोधायचं आणि बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा. "तीन माणसांचं काम, एक खुर्ची, तिचाही एक पाय विटेवर," असं ते सांगत. मोबाइल चोरलेला पोरगा अहवाल तयार नाही म्हणून आत बसून राहायचा, कारण आई-बाप ऊसतोडीला आणि साळवे दुसऱ्या पोराच्या घरचा पत्ता शोधत फिरतायत. "कायदा फार चांगला आहे हो," ते म्हणत. "आमच्या चर्चच्या उपदेशासारखा. ऐकायला सगळे येतात."

आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे, तीही बिल्डरनं मन मारून घातलेली. रोज सकाळी सहाला पलीकडून साळव्यांची प्रार्थना ऐकू येते. प्रार्थनेत नावं असतात, पुष्कळ नावं. जॉन, मेरी असं काही असेल म्हणून मी कान दिला, तर गणेश, इम्रान, बंड्या, सुरेश, धाकटा सुरेश, चांगदेव. माझा चहा उकळून खाली येईपर्यंत यादी चालते. ह्या चांगदेवाचं मला फार कुतूहल होतं. ख्रिस्ती घरात चांगदेव कुठून आला? एकदा विचारलंच, "एवढे नातेवाईक कुठं असतात तुमचे?"

"मोठं कुटुंब आहे," साळवे म्हणाले.

कुटुंब मोठं, पण येताना कुणी दिसत नसे. नाताळात साळवे करंज्या स्वतः तळतात, चोवीसही घरांत ताटल्या पोचवतात आणि मग दिवसभर दार सताड उघडं ठेवून बसतात. "कुणाची वाट बघताय?" विचारलं तर म्हणतात, "ज्याला यायचं असेल त्याची." संध्याकाळी उरलेल्या करंज्या माझ्या घरी येतात.

उलगडा झाला तो बुधवार पेठेत. मला मिक्सरचा एक भाग हवा होता, साळवे सोबत आले. एका मोठ्या दुकानात शिरलो, तर गल्ल्यावरच्या मालकाचा चेहरा साळव्यांना पाहून पांढराफटक पडला. शेजारी त्याचे सासरे बसले होते, पुढे चार नोकर. साळवे शांतपणे पुढे गेले. "नमस्कार. दुकान नवीन दिसतंय. छान मांडलंय." मालकानं सोडलेला श्वास मला काउंटरच्या अलीकडे ऐकू आला.

बाहेर आल्यावर मी साळव्यांना धरलं. "खरं सांगा. ओळखता ना त्याला?"

"लेलेसाहेब," ते म्हणाले, "मुलाचं प्रकरण मिटलं की काही काळानं त्याचे कागद नष्ट करायचे, असा नियम आहे. मोठेपणी ते त्याच्या आड येऊ नयेत म्हणून. कागद फाडता येतात. माझं हे डोकं कुठं फाडू? देव एकदा क्षमा केली की पापं आठवत नाही म्हणतात. त्याला जमतं, तो देव आहे. मला सराव करावा लागतो."

"मग हे खोटं बोलणं नाही?"

"मी ओळखत नाही असं कधी म्हणतो? मी म्हणतो, नवीन दिसताय. दिसतातच. ओळख द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

"आणि देतात?"

"फारसे नाहीत. बरं आहे ना. सावरले, म्हणूनच नको वाटतं." एवढं बोलून ते रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत काहीतरी शोधायला लागले. मी मिक्सरचा भाग परत तपासला.

गेल्या पावसाळ्यानंतर दोनशे तीनमध्ये एक भाडेकरू आला. एसी दुरुस्त करणारा, सव्वीस-सत्तावीसचा, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. सामान लावून आठवडा होतो न होतो तोच मार्केट यार्डातल्या कुणा टेम्पोवाल्यानं आमच्या वॉचमनला सांगितलं, की हा लहानपणी आत होता. वॉचमनला सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. रविवारी सकाळी फडक्यांनी तातडीची सभा बोलावली. ठरलं असं, की बातमी खरी निघाली तर त्यानं आठ दिवसांत घर सोडायचं. आणि खरंखोटं करायला पुरावा घरातच होता: साळवे.

तो दाराशी उभा होता, मुलगी कडेवर. फडक्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"चांगदेव."

माझे कान टवकारले. इतकी वर्षं रोज सकाळी चहाबरोबर ऐकलेलं नाव! मी साळव्यांकडे पाहिलं. ते हातातल्या छत्रीकडे बघत होते.

"साळवेसाहेब," फडके म्हणाले, "आपण इतकी वर्षं तिथं होतात. हे गृहस्थ तिथं होते का? ओळखता का ह्यांना?"

"नवीन दिसतात," साळवे म्हणाले.

फडके वकिली केलेले. "दिसतात कसे ते विचारलं नाही. ओळखता का?"

"नाही," साळवे म्हणाले.

"नीट बघून सांगा."

साळवे उठले, दारापर्यंत गेले, चष्मा पुसून घातला आणि त्या मुलाकडे पुरतं मिनिटभर पाहिलं. त्यानंही नजर काढली नाही. "नाही. ह्यांना मी ओळखत नाही."

तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण करंदीकरबाईंना शेवटचा शब्द आपला लागतो. "तुमच्या येशूची शपथ घेऊन सांगा."

"आमच्यात शपथ घेत नाहीत, बाई. हो तर हो, नाही तर नाही." साळवे खुर्चीकडे वळले. "नाही ओळखत."

झालं. साळवे म्हणाले, म्हणजे पुरावा लागत नाही. फडक्यांनी सभा गुंडाळली, वर "गैरसमज झाला, वाईट वाटून घेऊ नका" असंही म्हणाले. मी पक्का पुणेकर, समोरच्याची चूक दिसत असून गप्प बसण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

वर जाताना साळवे जिन्यातच बसले. मीही बसलो.

"लेलेसाहेब, आपल्या सोसायटीत कुणी कोंबडा पाळलाय का हो?"

"नाही. का?"

"आमच्या प्रभूला पकडून नेलं, तेव्हा त्याच्या जवळच्या शिष्याला लोकांनी विचारलं, तू ह्याला ओळखतोस का? तो तीनदा नाही म्हणाला. मग कोंबडा आरवला, आणि तो ढसाढसा रडला." ते हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. "तो स्वतःचा जीव वाचवायला खोटं बोलला, मी ह्याच्यासाठी बोललो, एवढाच काय तो फरक. पण ऐकणाऱ्याला शब्द तेच ऐकू येतात ना? त्या पोरानं माझ्या तोंडाकडे बघत ऐकले. वर्षानुवर्षं वाटायचं, एक तरी घरी यावा. आला तो दोन मजले खाली राहायला आला, आणि मी त्याला चारचौघांत नाही म्हटलं."

त्या पोरानं काय केलं होतं, ते मी विचारलं नाही. मला आजही माहीत नाही. मी साळव्यांना हाताला धरून घरी नेलं आणि "आज चहा मी करतो" म्हटलं. त्यांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच आधण ठेवलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात चांगदेव, हातात झाकलेली वाटी. त्यानं आधी मला पाहिलं, मग साळव्यांना. तो म्हणाला, "नमस्कार. मी चांगदेव. दोनशे तीनमध्ये आलोय. हिनं शेंगदाण्याची चटणी दिलीय." मग जरा घुटमळून, "नवीन आहे मी इथं."

"हो, नवीन दिसताय," साळवे म्हणाले. "या, बसा. चहा होतोच आहे."

मी उठायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण कुतूहल हा आमचा पेठेतला जुना आजार. आम्ही तिघं हवेबद्दल आणि एसीच्या गॅसबद्दल बोललो. दोघेही एकमेकांना इतकं "अहो-जाहो" करत होते, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

साळव्यांनी कप आणले. माझा नेहमीचा. चांगदेवच्या कपात त्यांनी तीन चमचे साखर घातली, आल्याच्या चहाचं भांडं बाजूला ठेवून दुसऱ्या भांड्यातला चहा ओतला, आणि चमच्यानं वरची साय अलगद, अगदी कडेकडेनं काढून घेतली. कप त्याच्यासमोर ठेवला. तीन प्रश्नांपैकी एकही विचारला नव्हता.

चांगदेवनं कपाकडे पाहिलं. एक घोट घेतला, आणि मग त्याला दुसरा घेता येईना. कप तसाच दोन्ही हातांत धरून तो मान खाली घालून बसला.

"बरोबर हाय, सर," तो कसाबसा म्हणाला. "अगदी तसाच हाय."

"असं का?" साळवे चष्मा पुसत म्हणाले. "अंदाजानं केला."

खाली सभेत तीनदा खोटं बोलून झालं होतं. हे चौथं.