नदी आणि उलटा दिवा

मॉन्ट्रियलमध्ये बेगल नावाच्या कडंवाल्या पावाच्या एका दुकानाच्या माडीवर असलेल्या गेम कंपनीत सर्वानुमते ठरलं, की गेमची पार्श्वभूमी सुधारली पाहिजे. पार्श्वभूमी विभाग म्हणजे एकटी ओडिल थेरियो. पिक्सेलचे चौकोनी तुकडे रंगवायचे, फरशीसारखे शेजारी शेजारी बसवायचे आणि सांधा कुणाच्या बापाला कळू द्यायचा नाही, हे तिचं काम. तिने आपल्या लहानपणची, रिमुस्की गावची नदी रंगवली होती, संध्याकाळची, जस्तासारखी राखाडी, काठाशी किंचित गुलाबी. पुढून भाला घेतलेला नायक धावायचा आणि मागे नदी निमूट वाहायची.

सुधारणा मोजण्यासाठी मालक रेजां लाकास यांनी शास्त्रीय पद्धत काढली. बाहेरचे खेळाडू बोलवायचे, गरम बेगल खाऊ घालायचे, खेळू द्यायचं आणि मग विचारायचं, "मागचं काय लक्षात राहिलं?"

"मागे काही होतं?" पहिल्याने विचारलं.

"असेल की! काही खटकलं नाही बुवा," दुसरा भरल्या तोंडाने म्हणाला.

रेजांनी पार्श्वभूमीला शून्य गुण दिले.

"अरे बाबा, खटकलं नाही हेच तर माझं काम!" ओडिल कळवळली. "मागचं डोळ्यांत भरलं, तर पुढचा नायक दिसेल का?"

"मला पटतं गं. पण जे दिसतच नाही त्याचा पगार गुंतवणूकदारांना कसा दाखवू? पुन्हा शून्य आलं तर विभाग बंद."

ओडिल जिवाच्या आकांताने कामाला लागली. नदीला तरंग दिले, गवत वाऱ्यावर हलवलं, ढगांच्या कडा मऊ केल्या. त्यामुळे पार्श्वभूमी आणखीच बेमालूम झाली. फक्त घाईघाईत रस्त्यावरचा एक दिवा उलटा बसला: खांब आभाळात, दिवा मातीत.

चाचणीला आलेले खेळाडू खुर्चीतून उठून ओरडले, "तो दिवा बघा! उलटा आहे! काय कमाल पार्श्वभूमी!"

पैकीच्या पैकी गुण मिळाले. रेजांनी ओडिलला मिठीच मारली.

"अरे, चूक आहे ती. आत्ता सरळ करते."

"खबरदार! आणि चूक म्हणू नकोस, लक्षवेधी घटक म्हण. आजपासून प्रत्येक दृश्यात एक हवा."

मग छपरावर गाय आली. चंद्राला मधोमध सांधा पडला. दार ढगात उघडू लागलं. खेळाडू विचित्र गोष्टी शोधण्यात इतके रंगले, की नायक खड्ड्यात पडून मेला तरी कुणी हूं की चूं केलं नाही. उलट एकाने तक्रार केली, की हा भालेवाला सारखा मध्ये येतो. त्यावर गांभीर्याने विचार होऊन नायकाला गेममधून काढण्यात आलं. ओडिलला बढती मिळाली.

शेवटी रेजांचं लक्ष नदीकडे गेलं. "हिचं नाव आजवर एकानेही घेतलेलं नाही. केवढी जागा अडवलीय! पुसून टाक, तिथे उलटे दिवे बसव."

ओडिलने नदी स्वतःच्या हाताने पुसली, कारण नोकरी हवी होती. पुसून झाल्यावर तिने विचारलं, "रेजां, एवढे महिने रोज बघत होतास. कुठल्या रंगाची होती रे ती?"

"निळी," रेजां म्हणाले. "नदी निळीच असते, बाई."

ओडिलला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. मग तिने पहिला दिवा उलटा बसवला.

हसू नका, वाचकहो. ती नदी तुमच्याही डोळ्यांसमोरून गेली आहे, अगदी पहिल्याच परिच्छेदात, नेमक्या रंगासकट. उलटा दिवा तुम्हाला उद्याही आठवेल. नदीचा रंग सांगा पाहू. आणि नजर वर नेऊ नका, चाचणीच्या नियमात ते बसत नाही.